अप्पांची मोटार आणि तापलेली वाळू

समुद्राला मी आयुष्यात दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दमून परत आले. लोक समुद्र बघून ताजेतवाने होतात म्हणे. होत असतील. मला एवढंच आठवतं की मोटारीत बसून कंबर मोडली आणि हवी ती वाळू वेळेवर सापडली नाही. दुसऱ्यांदा गेले ते गेल्या हिवाळ्यात, नातीबरोबर. पहिल्यांदा गेले तेव्हा चौथी पास होऊन वर्ष होत आलं होतं आणि माझा डावा पाय मांडीपासून खाली वाळत चालला होता. इथं लिहायचं आहे ते त्या पहिल्या जाण्याचं. पण दुसरं जाणं झालं नसतं तर मी लिहायला बसलेच नसते, म्हणून तेही मध्येच डोकावेल.

आमचं घर कागलात. पुढं सोपा, मध्ये स्वयंपाकघर, मागं दोन म्हशी. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गुळाची अडत होती कोल्हापूरच्या शाहूपुरीत, त्यामुळं अप्पा घरी आले की आधी गुळाचा वास यायचा आणि मग अप्पा. सदरा खुंटीला अडकवला की त्याला मुंग्या लागायच्या. अव्वा, म्हणजे आई, तो सदरा रोज झटकायची आणि रोज तेच बोलायची, "माणसं बाजारातनं पैसं आणत्यात, आमचं मुंग्या आणतंय." अप्पा हसायचे नाहीत. ते कमी बोलायचे आणि मोठ्यानं बोलायचे. आम्ही लिंगायत. अव्वा पहाटे उठून अंघोळ करायची, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि त्याआधी पाण्याचा घोटही घ्यायची नाही. ताप असला तरी नाही. मग भाकरी. आमच्यात कडक भाकरी करतात. जोंधळ्याची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची. पापडासारखी कट्‌कन मोडते आणि महिनाभर टिकते. अव्वाच्या थापण्याचा आवाज एका लयीत यायचा, आणि त्या आवाजावर मी झोपेतून उठायचे. पुढं तोच आवाज माझ्या हातातून यायला लागला, पण ते नंतर.

दुसरा आवाज मोटारीचा. अप्पांनी कोल्हापुरातल्या एका डॉक्टरची जुनी काळी मोटार घेतली होती. आमच्या भागात तेव्हा मोटारी फारशा नव्हत्या. सकाळी गल्लीतली दोन माणसं मागून ढकलायची, मग ती खोकत खोकत सुरू व्हायची. सुरू झाली की तिचा आवाज स्वयंपाकघरात बसून लांबवर ऐकू यायचा. आधी बसवेश्वराच्या देवळापाशी, मग बाजारात, मग मुलींच्या शाळेवरून, आणि हायवेला लागली की गप्प. अप्पा मोटार उशिरा शिकले होते. पुढं नेण्यात वाकबगार, पण मागं घ्यायला त्यांना जमायचं नाही आणि आवडायचंही नाही. कुणी बोललं तर म्हणायचे, "बैलगाडी मागं घेताना बघितलंयसा व्हय कुणाला? म्होरं जायचं, आन वळून यायचं." मागच्या सीटवर त्यांच्या गुळाची नमुन्याची ढेप असायची, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली.

माझा पाय लहानपणी तापात गेला. तेव्हा त्याला नाव कुणी दिलं नाही, आता सगळ्यांना ठाऊक आहे तो कसला ताप. प्राथमिक शाळा आमच्या घरापासून चार घरं सोडून होती. मी भिंतीला हात लावत, पाय ओढत जायचे आणि चौथीपर्यंत पहिला नंबर कधी सोडला नाही. गुरुजी पाठांतर घ्यायचे. मला पुस्तक तोंडपाठ असायचं, मागून पुढं म्हणा म्हटलं तरी म्हटलं असतं. पाचवीपासून मात्र मुलींची शाळा बाजाराच्या पलीकडं, हायवेच्या तोंडाशी. तिथंवर पाय ओढत जाणं शक्य नव्हतं. अप्पा म्हणाले, "पाय बरा हुंदे, मग घालू हायस्कुलात." ते वाईट मनानं म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पाय आणि शाळा हे एकच झालं. मला पायाचं काही वाटायचं नाही. त्या पायाबरोबरच मी चालायला शिकले होते. मला शाळा पाहिजे होती, कारण घरात बसलेल्या पोरीला परातीपुढं बसवतात हे मला दिसत होतं.

निपाणीकडचा एक वैदू बाजाराच्या दिवशी यायचा. त्यानं पाय दाबून बघितला आणि सांगितलं, तापलेल्या वाळूत पाय मांडीपर्यंत गाडायचा, घाम फुटेस्तोवर. आधी आम्ही दूधगंगेच्या पात्रात गाडून बघितला. उन्हाळाभर. काही झालं नाही. पुढच्या वर्षी वैदू म्हणाला, "नदीची वाळू गोडी. हिला खारी पायजे, समुद्राची." शेजारच्या मल्लूकाकांनी सुचवलं, "अवं, मग एक ट्रक भरून आणा की हितंच." वैदू त्यांच्यावर भडकला. "झाडावरचं फळ आन पाटीतलं फळ एकच हाय व्हय? वाळूला समुद्राचा वारा लागाय पायजे." अप्पांना ते पटलं. गुळाच्या माणसाला ताजा आणि शिळा यातला फरक लगेच पटतो.

चैत्रात गुऱ्हाळं थंडावली होती. अक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं, त्यामुळं आठवड्याच्या आत परत यायचं होतं. अप्पा, अव्वा आणि मी असे तिघंच निघालो. अक्का आजीपाशी राहिली. मोटारीत कडक भाकरीची चळत धोतरात बांधून घेतली, शेंगदाण्याची चटणी, कांदे, गुळाची ढेप, स्टोव्ह, पाण्याची घागर, खोरं, सावलीला ताडपत्री, आणि अव्वाची विभूतीची डबी. मुरगूड ओलांडलं, बिद्रीकडं कारखान्याची चिमणी दिसली, धूर नसलेली, राधानगरी मागं पडली. घाट लागला तसे अव्वानं डोळे मिटले ते खाली फोंड्यात पोचल्यावर उघडले. उघडल्यावर पहिलं वाक्य, "आलं का कोकण?" अप्पा म्हणाले, "ते कुठं जातंय? आपुनच आलोय."

कोकणात पहिली मेली ती कडक भाकरी. एका रात्रीत. सकाळी, उतरलो होतो त्या धर्मशाळेत, अव्वानं गाठोडं सोडलं तर भाकऱ्या ओल्या चामड्यासारख्या लोंबायला लागलेल्या. हवेत पाणी असतं तिथं, हे आम्हाला काय माहीत? अव्वानं एक भाकरी हातात धरून वाकवली, दुमडली, आणि मेलेलं माणूस बघावं तसं तिच्याकडं बघितलं. "मोडतच न्हाय वो," ती म्हणाली. पुढचे सगळे दिवस आम्ही त्या चघळून खाल्ल्या. आजही कुणी मऊ भाकरी पानात वाढली की मला मोटारीच्या तापलेल्या सीटचा वास येतो.

आमची समजूत अशी की समुद्र म्हणजे वाळूच. पुस्तकातल्या चित्रात तसंच होतं. निळं पाणी, पिवळी वाळू, माडाचं झाड. प्रत्यक्षात रस्ता उताराला लागायचा, माड यायचे, पाण्याचा आवाज यायचा, आणि शेवटी काळा कातळ. नुसता कातळ, भोकाभोकांचा, त्यावर लाटा आपटताहेत. अप्पा मोटार थांबवायचे, उतरायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. मग अव्वा उतरायची आणि मोटार मागं घेण्याचा सोहळा व्हायचा. "या, या, या... अवं थांबा की! झाड हाय!" अप्पा आतून ओरडायचे, "झाड हाय तर आधी सांगायचं!" "मग मी काय गाणं म्हनतीया व्हय?" मी मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली. मला उतरवायचं कारण नव्हतं.

नातीच्या गाडीला मागचं दिसायला पुढं एक पडदा आहे. काही आडवं आलं की गाडी स्वतःच टीं टीं ओरडते. मला पहिल्यांदा ते ऐकून अव्वाच आठवली. फरक एवढाच की गाडीला उलट उत्तर कुणी देत नाही.

पहिल्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत, आम्हाला वाळू सापडली. हे नीट सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यात आहे. एका फणसाच्या झाडापासून लाल रस्ता खाली उतरत होता. खाली दोन्हीकडं कड्यासारखा कातळ, आणि मध्ये आमच्या अंगणाच्या चौपट एवढी वाळू. पिवळी, गुळगुळीत, वर एकही पाऊल नाही. त्या वाळूच्या मधोमध एक काळा दगड, बसलेल्या नंदीसारखा. पाय दुमडलेले, मान वर. अव्वानं तो बघितला आणि रस्त्यातच हात जोडले. "देवानंच आणलं," ती म्हणाली. चपला काढून गेली, नंदीच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. अप्पांनी वाळूत हात घातला. "वल्ली हाय अजून. ऊन चढलं की तापंल." पहाटेच नुसती जागा बघायला निघालो होतो. अव्वाची पूजा राहिली होती, म्हणून तिच्या पोटात पाणीही नव्हतं. खोरं आणि ताडपत्री धर्मशाळेत राहिली होती. तेव्हा असं ठरलं की परत जाऊ, अव्वाची पूजा होऊ दे, चार घास खाऊ, आणि भर उन्हात सगळं घेऊन येऊ. मला मोटारीतून काही उतरवलं नाही. मी काचेतून वाळू बघितली आणि मनात म्हटलं, झालं, जूनपासून शाळा.

उन्हं कलायच्या सुमाराला परत आलो. फणसाचं झाड होतं. लाल रस्ता होता. खाली वाळू नव्हती. कातळापासून कातळापर्यंत पाणी, गढूळ, फेसाळ, आणि त्यात इकडं तिकडं दगडांची डोकी. तशी डोकी त्या किनाऱ्यावर शंभर ठिकाणी होती. अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही ती जागा न्हवं."

"अवं, त्योच रस्ता हाय. ते फणसाचं झाड बघा."

"कोकणात सगळीकडं फणसच हायत. आपुन दुसऱ्याच रस्त्याला लागलोय."

"मला तर वाटतंय हीच जागा. पाणी वर आलं आसंल."

अप्पांनी आभाळाकडं बोट केलं. "ढग तरी हाय का एक? कुठनं येतंय पाणी वर?"

अव्वानं वर बघितलं आणि मोटारीत जाऊन बसली. मीही अप्पांचंच खरं म्हणून मान डोलावली. कुणालाही हसू येईल, पण आम्ही पुराची माणसं. आमच्याकडं पाणी कसं चढतं हे आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं. घाटात पाऊस लागतो, दोन दिवसांनी नदी फुगते, मग ती शेतात येते, रस्त्यावर येते, आठवडा आठवडा बसते आणि वास सोडून जाते. ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी, जेवायला जाऊन येईपर्यंत पाणी पुरुषभर चढतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, हे आमच्या बुद्धीत बसणारं नव्हतं. विचारायला माणूसही नव्हतं. असतं तरी अप्पांनी विचारलं असतं का, शंका आहे. हरवलेला रस्ता विचारतात. जागेवर उभं राहून, ही जागा कुठं आहे असं कोण विचारतं?

तेव्हा आम्ही हातातली वाळू सोडून वाळू शोधायला निघालो.

पुढचे दिवस माझ्या डोक्यात एकात एक मिसळलेत. धूळ, घाम, लाल रस्ते, अप्पांच्या मानेवरचं ओलं फडकं. एकदा अप्पांनी डोकं लढवलं की वाळू नदीत असते, तेव्हा नदी धरून गेलं की समुद्राची वाळू सापडायलाच पाहिजे. नदी धरून गेलो तर खाडीचा चिखल लागला, गुडघाभर, काळा, त्यात मुळं वर काढून उभी असलेली झाडं. अव्वा म्हणाली, "ह्यात म्हस सोडली तर खूश हुईल." अप्पांना राग आला आणि संध्याकाळपर्यंत ते बोलले नाहीत. कुठं वाळू म्हणून गेलो तर ती वाळू नव्हती, शिंपल्यांचा चुरा होता, पाय कापणारा. कुठं वरून वाळू दिसायची आणि खाली उतरायला रस्ता नसायचा.

आणि एका ठिकाणी सगळं होतं. लांबलचक किनारा, पांढरी कोरडी वाळू, इतकी तापलेली की अप्पा चपलेतून नाचायला लागले. पण तिच्यावर इकडून तिकडं मासे वाळत घातलेले. अव्वानं मोटारीची काच वर केली आणि नाकाला पदर लावला. मासळी उलटत असलेली एक बाई आमच्याकडं आली. काळी, ठेंगणी, डोक्याला फडकं. तिनं काचेतून माझा पाय बघितला. "काय झाला गो चेडवाक?" चेडवाक म्हणजे पोरीला. अप्पांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मगे हयसरच पुरा की. वाळू तापलेली आसा. मी जागा करून देतंय." आणि खरंच तिनं जाऊन मासे बाजूला सारायला सुरुवात केली.

अव्वा आतून म्हणाली, "चला."

"अगं, वाळू बघ तरी कसली हाय."

"मासळीत माझ्या लेकीचा पाय गाडतासा? गळ्यात लिंग हाय तिच्या. शिव शिव शिव. चला म्हनते ना."

अप्पांनी एकदा वाळूकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्यांनी मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मला माशांची किळस येत होती, पण शाळेसाठी मी माशांवर झोपले असते. मला कुणी विचारलं नाही, आणि तेव्हा न विचारता बोलायची रीत नव्हती. अप्पा मोटारीत बसले. ती बाई जागा करून, हात फडक्याला पुसत उभी होती. गेल्या हिवाळ्यात नातीनं मला ज्या किनाऱ्यावर नेलं, तिथं एका झोपडीत नात आणि तिचा नवरा तळलेले मासे खात बसले होते. मी शेजारी चहा घेतला. वास आला. वासानं काही झालं नाही.

शेवटच्या दिवशी घराकडं निघालो. अप्पा दमले होते. डोळे लाल, दाढीची खुंटं पांढरी दिसायला लागलेली. घाटाकडं जाणारा फाटा त्यांच्याकडून चुकला. अव्वा म्हणाली, फाटा मागं राहिला, मागं घ्या. अप्पा म्हणाले, "मागं घेत न्हाय आता. म्होरं कुठंतरी वळू." पुढं वळायला जागा मिळेना. रस्ता अरुंद होत गेला, लाल झाला, उतरायला लागला. एक फणसाचं झाड आलं. आणि खाली वाळू होती, आणि वाळूच्या मधोमध नंदी, कपाळावर तीन पुसट पांढरे पट्टे.

अप्पांनी मला उचलून खाली नेलं. भर दुपार होती. त्यांनी खोरं घेतलं आणि खणायला लागले. वरची बोटभर वाळू कोमट होती. त्यांनी खड्डा केला, माझा पाय आत ठेवला, वर वाळू ओढली, थापली. मग माझ्या तोंडाकडं बघत उकिडवे बसले.

"तापतंय का गं, शांतव्वा?"

"गार हाय," मी म्हटलं.

त्यांनी दुसरीकडं खणलं. नंदीच्याच कडेला, जिथं ऊन जास्त होतं. घामानं सदरा पाठीला चिकटला.

"आता?"

"गारच हाय अप्पा. खाली पाणी लागतंय."

"अवं, बसा आता," अव्वा म्हणाली. "बसा जरा. मरशीला."

ते बसले. खोरं बाजूला पडलं. माझ्या शेजारी त्यांनी दोन्ही पाय वाळूत लांब केले, हातांनी वाळू स्वतःच्या पायांवर ओढली, का कुणास ठाऊक, आणि मागं नंदीला टेकून झोपले. तोंड उघडं. अप्पांना दिवसा झोपलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतर एकदाच बघितलं, ते उठले नाहीत तेव्हा. अव्वानं ताडपत्री त्यांच्या डोक्यावर धरली आणि ती तशीच उभी राहिली, हात दुखला की हात बदलत. मला काही काम नव्हतं. मी पाण्याकडं बघत बसले.

आधी लाट खूप लांब होती. मग तिनं एक काळा दगड भिजवला. थोड्या वेळानं तो दगड दिसेना. मला वाटलं मी चुकीच्या जागी बघते. मग मी एक शिंपला धरून ठेवला नजरेनं, तोही गेला. पाणी घाई करत नव्हतं. पूर गढूळ येतो, आवाज करत येतो, काटक्या आणतो. हे पाणी नुसतं येत होतं. ऊन होतं, आभाळ कोरडं होतं आणि पाणी येत होतं. नंदीच्या पुढच्या दुमडलेल्या पायांना फेस लागला तेव्हा अव्वा हळूच म्हणाली, "शांतव्वा, नंदी खाली चाललाय का गं?"

"नंदी न्हाय अव्वा. पाणी वर येतंय." आणि तेव्हा माझ्या तोंडून पुस्तकातलं वाक्य बाहेर पडलं, गुरुजींपुढं म्हणायचे तसं, हाताची घडी घालून. "समुद्राला दिवसातून दोन वेळा भरती येते व दोन वेळा ओहोटी येते."

हे मी चौथीत म्हणून दाखवलं होतं, न अडखळता. गुरुजींनी शाबासकी दिली होती. सगळ्या प्रवासात ते माझ्या डोक्यात होतं, मागच्या सीटवर बसून, माझ्यासारखंच. भरती म्हणजे हे, असं मला कुणी दाखवलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. शब्द पाठ होता, पाणी बघितलं नव्हतं.

अप्पांच्या पायांना पाणी लागलं आणि ते दचकून उठले. आधी मला उचललं, कातळावर ठेवलं, मग काय झालं ते विचारलं. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. ते ऐकत होते आणि नंदीकडं बघत होते. पाणी त्याच्या पोटाला लागलं होतं.

"दिवसातनं दोनदा?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"म्हंजे पहिल्या दिवशी हीच जागा."

अव्वा ताडपत्रीची घडी घालत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. अप्पा म्हणाले, "तुला कुनी सांगितलं हे?"

"पुस्तकात हाय."

"मग आधी का न्हाय बोललीस?"

"तुमी कुटं इच्यारलासा?"

मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण अप्पा हसले. थकलेलं, कोरडं हसू, पण हसले. ओल्या हातानं माझ्या डोक्यावर थापटलं आणि अव्वाला म्हणाले, "ही पोरगी हुशार हाय. हिला शिकवाय पायजे." आणि माझ्या पायावरची ओली वाळू झाडत म्हणाले, "फकस्त ह्यो एवढा बरा हुंदे."

नंदीच्या गळ्याशी पाणी आलं तेव्हा आम्ही निघालो. तिथं वळायला जागा नव्हती. अव्वानं खाली उतरून ओरडत मोटार वरपर्यंत मागं घ्यायला लावली.

पाय बरा झाला नाही. वैदूला सांगितलं तर तो म्हणाला, वाळू चुकली. अक्काचं लग्न झालं, ती गेली, आणि तिच्या जागी परातीपुढं मी बसले. परातीपुढं बसायला पाय लागत नाही. भाकरी मला चांगली जमली. अव्वापेक्षा पातळ. पुढं माझंही लग्न झालं, दोन मुलं झाली, काठी आली, कोल्हापुरात राहायला आले. वाईट काही झालं नाही. मी रडगाणं गायला बसलेले नाही.

गेल्या हिवाळ्यात नात म्हणाली, आजी, चल तुला समुद्र दाखवते. तिला वाळू शोधावी लागली नाही. कातळ कुठं, वाळू कुठं, पाणी कधी उतरणार, सगळं तिच्या फोनमध्ये. बाई बोलते त्यातली आणि डावीकडं वळा म्हणते. मी तिला म्हटलं, आमच्या वेळी ही बाई असती तर अप्पांनी तिच्याशीही भांडण काढलं असतं. परत येताना तिचा नवरा मागं झोपला होता, तेव्हा घाटात मी तिला हे सगळं सांगितलं, आता लिहिलं तसंच. ती चांगली ऐकते. मध्ये मध्ये हसली. नंदीच्या ठिकाणी हसली नाही.

"मग शाळेचं काय झालं?"

"काय व्हायचं? लांब हुती. बाजाराच्या पलीकडं."

एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"पण आजी, गाडी होती ना तुमच्याकडे?"

"व्हय," मी म्हटलं. "हुती."

समोरून ट्रक आला, तिनं गाडी बाजूला घेतली. मी खिडकीबाहेर बघितलं. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. अप्पांच्या डोक्यात आलं नाही, अव्वाच्या आलं नाही, गुरुजींच्या आलं नाही. पाय बरा करायला सगळं कोकण पालथं घातलं त्यांनी, आणि ते मनापासून घातलं. त्यात खोट काढता येत नाही.

मोटार रोज सकाळी निघायची. मी पीठ मळत असायचे. आधी देवळापाशी, मग बाजारात, मग मुलींच्या शाळेवरून. शाळेपुढं रस्त्यात एक मोठा खड्डा होता. तिथं मोटारीचा आवाज अगदी बारीक व्हायचा, जवळजवळ थांबल्यासारखा, कारण मागच्या सीटवर गुळाची ढेप असायची आणि ती कलंडू नये म्हणून अप्पा तिथं फार सावकाश घ्यायचे.